एकाला फाशी, दहांना माफी

उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटिश राजसत्तेशी असलेले नाते तोडल्याची घोषणा ४ जुलै १७७६ रोजी केली. २०२६ हे त्या घोषणेचे अडीचशेवे वर्ष. अशा प्रसंगी तोफांच्या सलाम्या, मिरवणुका आणि गौरवपर भाषणे ओघानेच येतात, आणि ती करण्याचा त्या राष्ट्राचा अधिकार कोणी नाकारणार नाही. त्याच खंडाच्या दक्षिण भागात, ब्राझीलमध्ये, दर वर्षी २१ एप्रिलला राष्ट्रीय सुटी असते. १७९२ साली त्या दिवशी फासावर गेलेल्या एका कनिष्ठ लष्करी अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ ती पाळली जाते. आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी हैतीच्या संदर्भात एक घोषणा केली. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सने त्या छोट्या देशावर लादलेल्या जबर खंडणीचा अभ्यास करण्यासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची ती घोषणा होती.

या तीन घटना वरवर पाहता निरनिराळ्या आहेत. परंतु तिघींचेही मूळ अठराव्या शतकाच्या अखेरच्या त्याच तीस वर्षांत सापडते, ज्या तीस वर्षांत अमेरिका खंडाच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत साम्राज्यांच्या भिंतींना तडे गेले. त्या काळाकडे आज मागे वळून पाहताना आम्हांस एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वातंत्र्याचा उच्चार ज्यांनी केला त्यांनी त्या स्वातंत्र्याची हद्द कोठे आखली होती, आणि त्या हद्दीबाहेर जे राहिले त्यांचे पुढे काय झाले? हा प्रश्न केवळ परक्यांच्या इतिहासाचा आहे असे कोणी समजू नये. ज्या लिस्बनच्या सिंहासनाची सत्ता ब्राझीलवर होती त्याच सिंहासनाची सत्ता गोव्यावर होती. आमच्या डोंगरउतारांवरचा काजू ज्या गलबतांनी ब्राझीलहून आणला त्याच गलबतांतून राजाज्ञा, अधिकारी आणि शिक्षेच्या पद्धतीही इकडून तिकडे जात-येत होत्या.

प्रथम उत्तरेकडील वसाहतींचे पाहू. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटिश खजिना रिता झाला, आणि तो भरण्यासाठी पार्लमेंटने वसाहतींवर कर बसवले. १७६५ चा मुद्रांक कायदा, त्यानंतरच्या जकाती, आणि शेवटी चहा. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रार्पण झाला तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि तीच कंपनी त्यानंतर थोड्याच वर्षांत पुण्याच्या कारभारात हात घालून मराठ्यांशी लढत होती, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. ज्या सभागृहात आमचा प्रतिनिधी नाही त्या सभागृहाने आमच्यावर कर बसवू नये, हे वसाहतवाल्यांचे म्हणणे न्याय्य होते. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे त्यांच्या घोषणेतील तत्त्व तर जगातील सर्व पारतंत्र्यात पिचणाऱ्यांना पुढे आधार झाले. पण त्या वेळी तेरा वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येत सुमारे पाच लाख माणसे गुलाम होती. घोषणेचा मसुदा लिहिणारे टॉमस जेफर्सन स्वतः गुलामांचे धनी होते. १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविण्यासाठी गुलामाला तीनपंचमांश माणूस धरले, आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत हात लावला जाणार नाही अशी हमी दिली. गुलामगिरी संपण्यास १८६५ साल उजाडले, तेही भीषण यादवी युद्धानंतर. घोषणेच्या शब्दांत जी जागा सर्वांसाठी होती, ती व्यवहारात तेवढ्यापुरती नव्हती.

या घोषणेचा प्रतिध्वनी ब्राझीलमध्ये उमटण्यास फार दिवस लागले नाहीत. १७८६-८७ च्या सुमारास फ्रान्समध्ये शिकणाऱ्या जुझे जोआकिम माया या ब्राझिलियन विद्यार्थ्याने टोपण नावाने जेफर्सन यांना पत्रे लिहिली. जेफर्सन त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील होते. नीम शहरी उभयतांची गुप्त भेट झाली. ब्राझील बंडास सिद्ध आहे, अमेरिकेने मदत करावी, असे त्या तरुणाने सांगितले. जेफर्सन यांनी सहानुभूती दाखविली, सर्व वृत्तान्त आपल्या सरकारला कळविला, परंतु वचन दिले नाही. पोर्तुगालशी व्यापाराचे संबंध जोडण्याची अमेरिकेची खटपट तेव्हा चालू होती. नव्या प्रजासत्ताकाच्याही राजनीतीला व्यापाराची गणिते सुटली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

ब्राझीलमधील असंतोषाचे केंद्र मिनास जेराइस हे होते. या नावाचा अर्थच मुळी 'सर्वसाधारण खाणी' असा आहे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे सोने सापडले आणि पोर्तुगालचे नशीब फिरले. लिस्बनच्या दरबाराचा डामडौल, माफ्रा येथील अवाढव्य राजवाडा व मठ, सारे याच सोन्यावर उभे राहिले. आणि उरलेले सोने इंग्लंडचे कापड विकत घेण्यात लंडनला गेले. राजाचा हक्क पंचमांशाचा. म्हणजे निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. १७५० पासून असा नियम झाला की वर्षाला निदान शंभर अरोबा, म्हणजे सुमारे दीड हजार किलो सोने राजाला मिळालेच पाहिजे; कमी पडले तर तूट सर्व रहिवाशांवर सरसकट पट्टी बसवून वसूल करायची. या पट्टीला 'देरामा' म्हणत. ज्याने आयुष्यात खाणीत पाऊल टाकले नाही त्यालाही तिचा भार उचलावा लागे.

खाणी काही राजाज्ञा मानत नाहीत. १७६० नंतर सोने आटू लागले; शंभर अरोबांचा आकडा गाठणे अशक्य झाले आणि थकबाकी साचत गेली. १७८८ पर्यंत ती पाचशे अरोबांच्या वर गेली होती. लिस्बनला मात्र खाणी आटल्या हे पटेना. सोने चोरवाटेने पळवले जाते, असेच तेथे समजले जाई. त्यात १७८५ साली राणी मारिया पहिली हिच्या नावाने आणखी एक आज्ञा निघाली. ब्राझीलमध्ये कापडाचे कारखाने चालवायचे नाहीत. गुलामांच्या अंगावरचे जाडेभरडे कापड आणि गोणपाट तेवढे विणले तर चालेल. वसाहतीने खाणीतून काढावे, शेतात पिकवावे आणि अंगावर नेसायचे ते मायदेशाकडून विकत घ्यावे, हे साम्राज्याचे अर्थशास्त्र इतक्या उघडपणे क्वचितच कोणी लिहून ठेवले असेल. आपल्याकडील विणकरांच्या मागांची पुढे इंग्रजी अमदानीत जी गत झाली ती ज्यांना माहीत आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

१७८८ साली बार्बासेनाचा व्हिस्काउंट हा नवा गव्हर्नर देरामा वसूल करण्याचा हुकूम घेऊन मिनासची राजधानी व्हिला रिका येथे दाखल झाला. व्हिला रिका म्हणजे 'श्रीमंत नगर'. आजचे ओउरो प्रेतो. तेथील प्रतिष्ठितांच्या बैठकींत कट शिजू लागला. त्यात कोण होते ते पाहण्यासारखे आहे. क्लावदियो मानुएल दा कोश्ता आणि तोमास आंतोनियो गोंझागा हे कवी आणि कायदेपंडित. आल्वारेंगा पेशोतो हा कवी, न्यायाधीश आणि जमीनदार. फ्रायरे दि आंद्रादे हा पलटणीचा अधिपती. रोलिम हा पाद्री. आणि सरकारची देणी डोईजड झालेले इजारदार. ज्या दिवशी देरामा जाहीर होईल त्या दिवशी लोक खवळून उठतील, त्या संधीस पलटण आपल्या बाजूने वळवायची आणि प्रजासत्ताक पुकारायचे, असा बेत होता. विद्यापीठ काढायचे, कारखाने सुरू करायचे, दारूगोळा तयार करायचा, राजधानी साओ जुआंव देल रेय येथे न्यायची, येथपर्यंत त्यांचे आराखडे गेले होते. अमेरिकेच्या राज्यांच्या घटनांचे एक फ्रेंच संकलन त्यांच्या हातांतून फिरत होते.

गुलामांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या त्या प्रांतात अर्ध्याहून अधिक माणसे कृष्णवर्णीय होती आणि त्यांतील बहुतेक गुलाम होती. सोने प्रत्यक्ष काढत होते ते तेच. काहींनी सुचविले की निदान ब्राझीलमध्ये जन्मलेल्या गुलामांना मुक्त करावे, म्हणजे ते बंडाच्या बाजूने लढतील. इतरांनी म्हटले की मग खाणीत आणि शेतात राबणार कोण? निर्णय झाला नाही. प्रजासत्ताकाची राजधानी ठरली, विद्यापीठाचे गाव ठरले. अर्ध्या लोकसंख्येच्या माणूसपणाचा निकाल तेवढा लांबणीवर पडला. बंडाच्या हद्दीची रेघ येथे स्पष्ट दिसते.

या प्रतिष्ठितांच्या मेळ्यात एक माणूस वेगळा होता. जोआकिम जुझे दा सिल्वा शावियेर हा अश्वदळातील 'आल्फेरिश', म्हणजे अधिकाऱ्यांच्या श्रेणीतील सर्वांत खालच्या पायरीवरचा. पदोन्नती त्याला वारंवार डावलून गेली होती. दात काढण्याची कला त्याला अवगत होती, म्हणून लोक त्याला 'तिरादेन्तिश', म्हणजे दात उपटणारा, म्हणत. त्यालाही आपण संत करू नये. त्याच्या जप्त मालमत्तेत काही गुलामही होते. पण बैठकीत जे दबक्या आवाजात बोलले जाई ते हा माणूस रस्त्यात, सराईत, छावणीत, भेटेल त्याच्यापाशी मोठ्याने बोले. इतरांना बंड हवे होते. ते बोलून दाखविण्याची जोखीम मात्र याने घेतली.

फितुरी व्हायची ती झालीच. जोआकिम सिल्वेरियो दुश रेइश हा सरकारचे मोठे देणे डोक्यावर असलेला इजारदार. मार्च १७८९ मध्ये त्याने गव्हर्नरपाशी जाऊन सर्व कट सांगितला, आपले देणे माफ व्हावे या आशेने. गव्हर्नर चतुर होता. त्याने आधी देरामाच तहकूब केला, आणि लोकक्षोभाची जी ठिणगी कटवाल्यांना हवी होती तीच विझवून टाकली. मग एकेकाला पकडले. तिरादेन्तिश १० मे रोजी रिओ द जानेरो येथे पकडला गेला. जुलैच्या आरंभी क्लावदियो मानुएल कोठडीत मृतावस्थेत सापडला. सरकारने आत्महत्या म्हटले, लोकांनी त्यावर कधी पुरता विश्वास ठेवला नाही.

चौकशी जवळजवळ तीन वर्षे चालली. तिरादेन्तिशने आरंभी सर्व नाकारले. पण जानेवारी १७९० मधील जबानीत त्याने दोष स्वतःच्या माथी घेतला. एप्रिल १७९२ मध्ये अकरा जणांना देहान्ताची शिक्षा फर्मावली गेली. लगेच राणीचे दयापत्र वाचून दाखविण्यात आले. ते १७९० सालीच लिस्बनहून निघाले होते आणि न्यायाधीशांनी ते इतके दिवस बासनात बांधून ठेवले होते. दहा जणांची फाशी रद्द होऊन त्यांना आफ्रिकेत हद्दपार करण्यात आले. पाद्र्यांना लिस्बनला धाडण्यात आले. एकट्या तिरादेन्तिशला दया नव्हती. २१ एप्रिल १७९२ रोजी रिओमध्ये त्याला फाशी दिले, देहाचे तुकडे केले, ते मिनासच्या रस्त्यावर ठिकठिकाणी टांगले, शिर व्हिला रिकाच्या चौकात खांबावर लावले. त्याचे घर पाडून जमिनीत मीठ पेरले, आणि त्याच्या वंशजांवर कलंकाचा शिक्का मारला.

हा न्याय की हिशेब? आमच्या मते हा हिशेबच होता, आणि तो मोठ्या थंड डोक्याने केलेला होता. बड्या घराण्यांतील दहा माणसे मारली तर प्रांतातील सर्व वजनदार मंडळी कायमची शत्रू होतात. कोणालाच मारले नाही तर धाक राहत नाही. म्हणून ज्याच्यामागे घराणे नाही, दौलत नाही, ज्याच्यासाठी लिस्बनमध्ये शब्द टाकणारा कोणी नाही, असा एक निवडायचा. दयेचा लाभ वरच्यांना आणि दहशतीचा धडा खालच्यांना, ही विभागणी साम्राज्याने नीट जाणून केली. गोंझागा मोझांबिकला गेला. तेथे त्याने वकिली केली, श्रीमंत व्यापारी घराण्यात लग्न केले आणि १८१० मध्ये तेथेच देह ठेवला. ज्या घराण्यात तो जावई म्हणून गेला त्याची संपत्ती गुलामांच्या व्यापारातून आलेली होती. हद्दपार क्रांतिकारकाला संसार पुन्हा उभारता आला, तो याच पायावर.

आता मोझांबिकचे नाव आलेच आहे, तर गोव्याकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या सत्तेखालीच चालत होता. आणि मिनासचा कट उघडकीस येण्याच्या अवघी दोन वर्षे आधी, १७८७ साली, गोव्यात तसाच एक कट पकडला गेला होता. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला पिंटोंचे बंड असे नाव पडले. त्या काळी गोव्याचा गव्हर्नर होता फ्रांसिश्को दा कुन्या इ मेनेझिश, आणि हा गृहस्थ गोव्यास येण्यापूर्वी ब्राझीलमधील साओ पाउलो प्रांताचा गव्हर्नर होता. दोन्ही कटांचे अहवाल लिस्बनमध्ये एकाच मंत्र्याच्या मेजावर गेले. तो मंत्री म्हणजे नौदल व सागरपार प्रदेशांचा कारभारी मार्तिन्यो दि मेलो इ काश्त्रो. साम्राज्याचे हात खंडोखंडी पसरलेले होते. डोके मात्र एकच होते. इंग्रजांचेही तसेच. १७८१ साली यॉर्कटाऊनला अमेरिकनांपुढे शस्त्र ठेवणारा कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूशी लढला.

गोव्यातील कटाचे कारण सोन्यात नव्हते, मानात होते. १७६१ साली पोंबालच्या राजवटीने कायदा केला होता की पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजाजन पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे समजावेत. कायदा कागदावर राहिला. चर्चमधील व सैन्यातील वरची पदे गोऱ्यांनाच मिळत. काएतानो फ्रांसिश्को कोउतो आणि जुझे आंतोनियो गोन्साल्विश हे दोन गोमंतकीय पाद्री लिस्बनपर्यंत दाद मागण्यास गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्यातून कट शिजला. पकडलेल्या ४७ जणांत १७ पाद्री व ७ लष्करी अधिकारी होते. पुढे जे झाले ते मिनासच्या निकालाशी ताडून पाहावे. डिसेंबर १७८८ मध्ये पणजीत पंधरा जणांना अमानुष रीतीने ठार मारण्यात आले. त्यांत पाद्री एकही नव्हता. पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात नेऊन वर्षानुवर्षे खटल्याविना डांबण्यात आले. त्यांचेही हाल झाले, हे विसरता येणार नाही. पण फासाची दोरी ज्यांच्या गळ्यात पडली ते वेगळे होते.

आणि येथेही हद्दीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. १७६१ चा समानतेचा कायदा बाप्तिस्मा घेतलेल्यांपुरता होता. त्याच सुमारास, १७८० च्या दशकात, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली आले. तेथील हिंदू प्रजेला त्या कायद्याची सावलीसुद्धा लाभली नाही. हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मिळण्यास १९१० चे पोर्तुगीज प्रजासत्ताक यावे लागले, आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना पुन्हा खालच्या पायरीवर लोटले. म्हणून १७८७ चा कट हा आमचा नव्हे, तो पाद्र्यांचा, असे म्हणून जे खांदे उडवतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. कटवाल्यांच्या मनात आमच्या पूर्वजांना जागा होती की नव्हती, हा प्रश्न रास्तच आहे. पण अन्यायाविरुद्ध उठलेल्याची हद्द तोकडी होती म्हणून त्याचे उठणेच खोटे ठरत नाही.

हद्दीची ही रेघ पुसण्याचा पहिला प्रयत्न ब्राझीलमध्ये झाला तो बाहियात. १२ ऑगस्ट १७९८ रोजी साल्वादोर शहराच्या भिंतींवर हस्तलिखित पत्रके झळकली. प्रजासत्ताक, खुला व्यापार, शिपायांना वाढीव पगार, आणि गोरा, काळा वा मिश्रवर्णी असा भेद न करता सर्वांना समान संधी, अशा मागण्या त्या चळवळीने केल्या. गुलामगिरी संपविण्याची आकांक्षाही तीत होती. या कटात कायदेपंडितांहून शिंपी आणि शिपाई अधिक होते, म्हणून इतिहासात त्याला शिंप्यांचे बंड असेही नाव पडले. ८ नोव्हेंबर १७९९ रोजी चौघांना भर चौकात फाशी दिले. जुआंव दि देउश व मानुएल फाउश्तिनो हे शिंपी, आणि लुकाश दांताश व लुईश गोंझागा दाश व्हिर्जेन्श हे शिपाई. चौघेही मिश्रवर्णी. कटात नाव आलेला गोरा शल्यवैद्य सिप्रियानो बाराता कैदेतून सुटला. मिनासमध्ये दहांच्या वाट्याला माफी आली होती. येथे चौघांच्या वाट्याला ती येण्याचे कारणच नव्हते, कारण त्यांच्यासाठी कोणाला नाराज करण्याची भीती लिस्बनला नव्हती.

तोपर्यंत सर्वच मालकवर्गाच्या मनात एका नावाची धडकी भरली होती. ते नाव सेंट दोमिंग, आजचे हैती. या फ्रेंच वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम होते आणि गोऱ्यांची संख्या त्यांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती. युरोपात येणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा प्रचंड वाटा तेथून येई. १७८९ साली पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला तेव्हा तेथील गोऱ्या मळेवाल्यांनी त्याचा अर्थ आपल्या सत्तेपुरता लावला. १७९० मध्ये व्हिन्सेंट ओझे या श्रीमंत मिश्रवर्णी गृहस्थाने बंड केले ते स्वतंत्र मिश्रवर्णीयांच्या हक्कांपुरते. गुलामांच्या मुक्तीची मागणी त्याने केली नाही. त्याला चाकावर बांधून हाडे मोडून मारले. प्रत्येकाने आपल्या पायरीपर्यंतच स्वातंत्र्य मागितले. शेवटी ऑगस्ट १७९१ मध्ये जे सर्वांत खालच्या पायरीवर होते तेच उठले. तूसाँ लूव्हर्त्यूरसारखा, स्वतः गुलामीत जन्मलेला सेनानी त्यांना लाभला. १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने ती परत आणण्यासाठी फौज धाडली, तूसाँला पकडून नेले. तो १८०३ मध्ये फ्रान्सच्या थंडगार किल्ल्यात मेला. तरीही १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले.

या स्वातंत्र्यात रक्तपात फार झाला आणि सूडही फार झाला. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण जगाने हैतीला जे शासन केले ते रक्तपाताबद्दल नव्हते. ते गुलामांनी स्वतःला माणूस म्हटल्याबद्दल होते. अमेरिकेने त्या शेजारी प्रजासत्ताकाला १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून पंधरा कोटी फ्रँकची मागणी केली, मळेवाल्यांच्या नुकसानीची भरपाई म्हणून. आणि त्या नुकसानीत गुलाम माणसांची किंमतही धरलेली होती. पुढे १८३८ मध्ये ती रक्कम नऊ कोटींवर आणली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. बेडी तोडणाऱ्याने बेडीची किंमत बेडी घालणाऱ्याला चुकवावी, असा हा व्यवहार. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आयोगाला जर काही अर्थ असेल तर तो या व्यवहाराचा हिशेब उघड्यावर मांडण्यात आहे. नुसत्या खेदाच्या शब्दांनी दोन शतकांचे दारिद्र्य भरून निघत नाही.

ब्राझीलचे पुढे काय झाले? नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगीज दरबारच १८०८ साली रिओला पळून आला. ज्या राणीच्या नावाने दयापत्र निघाले ती मारिया, मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत, १८१६ मध्ये त्याच रिओ शहरात मरण पावली, जेथे तिरादेन्तिशला फाशी दिले होते. १८२२ मध्ये तिच्याच नातवाने, पेद्रोने, ब्राझील स्वतंत्र झाल्याचे घोषित केले आणि स्वतः सम्राट झाला. स्वातंत्र्य आले, राजघराणे तेच राहिले, मळे तेच राहिले, गुलामही तेच राहिले. अमेरिका खंडात सर्वांत शेवटी, १८८८ मध्ये, ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने बंद केली. १८८९ मध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आले, तेव्हा त्या प्रजासत्ताकाला एक हुतात्मा हवा होता. राजघराण्याच्या अमदानीत ज्याचे नाव घेणे अडचणीचे होते तो तिरादेन्तिश आता राष्ट्रवीर झाला. चित्रकारांनी त्याला लांब केस आणि दाढी देऊन ख्रिस्तासारखे रंगविले. बाहियाच्या चार शिंपी-शिपायांची नावे मात्र राष्ट्रवीरांच्या अधिकृत ग्रंथात चढण्यास २०११ साल यावे लागले. माफीत जसा क्रम लागला तसाच स्मरणातही लागला. वरचे आधी, खालचे मागाहून.

यावरून आम्हांस कोणाही क्रांतीला खोटे ठरवावयाचे नाही. १७७६ ची घोषणा, मिनासचा कट, बाहियाची पत्रके, हैतीचे युद्ध, यांपैकी एकही घटना झाली नसती तर जग अधिक अंधारात राहिले असते. घोषणेतील शब्द ज्यांच्यासाठी लिहिले नव्हते त्यांनीच ते पुढे उचलले आणि लिहिणाऱ्यांना त्यांच्याच शब्दांची आठवण करून दिली, हे त्या शब्दांचे मोठेपण होय. परंतु स्वातंत्र्याची कसोटी त्याच्या घोषणेत पाहून भागत नाही. जो शेवटच्या पायरीवर उभा आहे त्याच्यापर्यंत ते कधी पोहोचले, यात ती पाहावी लागते.

ही कसोटी आपण स्वतःला लावून पाहिली तर? १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ साली आला आणि मुंडकारांचा १९७५ साली. त्यानंतरही मुंडकारांचे दावे मामलतदारांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले. गावडा, कुणबी आणि वेळीप या या भूमीच्या जुन्या रहिवाशांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळण्यास २००३ साल उजाडले. मुक्ती आणि ही मान्यता यांत बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. ज्या घरातील माणूस परक्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या स्वतःच्या घराचा कागद मिळावा म्हणून अजून हेलपाटे घालतो आहे, त्याच्या लेखी मुक्तिदिनाची तोफ अद्याप पुरती वाजलेली नाही. हे सांगताना आम्हांस मुक्तीचे मोल कमी करावयाचे नाही. ते त्याच्या दारापर्यंत नेण्याचे काम उरले आहे, एवढेच सुचवावयाचे आहे.

आणि स्मरणाचेही तेच. १७८७ च्या कटाशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या आबे फारिया यांचा पुतळा पणजीत मांडवीच्या काठी उभा आहे, आणि तो तेथे असणे योग्यच आहे. पण १७८८ च्या डिसेंबरात त्याच पणजीत ज्या पंधरा जणांचे देह छिन्नविच्छिन्न झाले त्यांची नावे आमच्या शाळांतील किती मुलांना सांगता येतील? ब्राझीलने आपल्या शिंप्यांची नावे दोनशे बारा वर्षांनी का होईना, ग्रंथात लिहिली. ती पंधरा नावे पाठ्यपुस्तकात आणि पणजीच्या एखाद्या दर्शनी जागी कोरली जाण्यास कोणतीही आडकाठी असू नये. शासनाने ते करावे. आणि शासन विसरले तर आमच्या वाचनालयांनी, शाळांनी व ग्रामसंस्थांनी ते करावे.